‘जन्मजात’वर लाल रेघ

कोल्हापुरात एका दैनिकाच्या टेबलावर मी ३१ वर्षं काढली. दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करायचं, मथळे द्यायचे, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, हे काम. एवढ्या वर्षांत सगळ्यांत जास्त लाल रेघा कुठल्या शब्दावर मारल्या असतील, तर ‘जन्मजात’वर. सत्काराची बातमी असो, निधनवार्ता असो की पंच्याहत्तरीची पुरवणी, हा शब्द आलाच पाहिजे. जन्मजात कलावंत, जन्मजात नेता, एकदा तर ‘जन्मजात सहकारमहर्षी’. हे महर्षी जन्मले तेव्हा आमच्या भागात साखर कारखान्याचं धुराडंही उभं राहिलेलं नव्हतं.

पण सुरुवातीला मीही हा शब्द सढळ हाताने वापरत होतो. तो हातातून कसा सुटला त्याचे हे टप्पे. आकडे घातलेत ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, घडलं त्याच क्रमाने लिहिलंय असं मात्र नाही.

१. आईच्या पोटातून घिस्सा शिकून कोणी येत नाही

नोकरीचं दुसरं वर्ष. खासबाग मैदानात एका तरुण पैलवानाने तालेवार गड्याला चितपट केलं आणि मी अर्धं पान लिहिलं. मथळा होता ‘जन्मजात मल्ल’. दुसऱ्या दिवशी त्याचे वस्ताद कचेरीत आले. कान मोडलेले, डोक्याला फेटा. मला वाटलं, पेढे घेऊन आलेत. ते म्हणाले, “साहेब, उद्या पहाटं चारला तालमीत या. चहा न पिता या.”

थंडीचे दिवस होते. तालमीत एकच पिवळा दिवा. पोरं खोऱ्याने हौद्यातली लाल माती उकरत होती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते. तिचा वास आंबूस आणि गोडसर असतो, अंगाला दिवसभर चिकटून राहतो. माझा ‘जन्मजात मल्ल’ कोपऱ्यात जोर मारत होता. वस्तादांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “मोजा.” पाचशेच्या पुढे मी चुकलो, तो चुकला नाही. मग बैठका. मग वस्तादांनी त्याच्याकडून एकच डाव, घिस्सा, परत परत घालून घेतला. पाय वीतभर मागे पडला की पाठीत थाप. बाकीची पोरं लढून, अंग पुसून, कुंडीत बदाम रगडायला बसली तरी ह्याचं तेच चाललेलं.

“बारा वर्साचा असताना आला,” वस्ताद म्हणाले. “पयलं वरीसभर रोज रडायचा. दोनदा पळून गेला, दोनदा बापानं आणून सोडला. आनि तुम्ही लिवता जन्मजात. आईच्या पोटातनं घिस्सा शिकून आलाय व्हय ह्यो?”

त्यांचा राग कुठे होता ते मला नंतर उमगलं. त्या एका शब्दाने मी त्यांची सगळी मेहनत खाऊन टाकली होती. पोरगं जन्मतःच मल्ल असेल तर वस्ताद कशाला हवा?

खाशाबा जाधवांविषयी लिहितानाही ‘रक्तातच कुस्ती’ हे ठरलेलं वाक्य येतं. गोळेश्वरच्या या गड्याचे वडील पैलवान होते, ते खरं. पण राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला, तेव्हा मातीत वाढलेल्या त्याच्या पायांना मॅट नवी होती. पुढची चार वर्षं त्याने ती उणीव भरून काढली आणि १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी वर्गण्या गोळा झाल्या, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. रक्तातली कुस्ती तिकिटाचे पैसे भरत नाही. पदकाच्या बातमीत खर्डेकरांचं घरही यायला हवं, असं मी नवीन पोरांना सांगत आलो.

२. हा शब्द आधी डॉक्टरचा

माझी पुतणी तीन महिन्यांची असताना दूध पिताना निळी पडायची. तपासण्या झाल्या आणि केसपेपरवर लिहून आलं, ‘जन्मजात हृदयदोष’. रोज हाताखालून जाणारा शब्द मी पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या घरात बघितला.

रात्री दवाखान्याच्या पायरीवर वहिनींनी मला विचारलं, “भाऊजी, तुम्ही लिहिण्यातले. जन्मजात म्हणजे माझ्याकडनं आलं का हो?”

मला उत्तर देता आलं नाही. सकाळी डॉक्टरांना गाठून विचारलं. त्यांनी समजावलं: जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं, इतकंच. आईबापांकडून आलेलं ते आनुवंशिक. पुष्कळ जन्मजात दोष कुणाकडूनच आलेले नसतात. पोटात हृदय घडताना कुठंतरी राहून जातं. हा फरक मराठी एम. ए. झालेल्या मला ठाऊक नव्हता. वहिनींना सांगितलं, त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. दिवस राहिलेले असताना आपण काय खाल्लं, कुठल्या ग्रहणात काय चिरलं, याची उजळणी त्या महिनाभर करत होत्या. पुतणीचं ऑपरेशन झालं, ती आज दोन लेकरांची आई आहे.

तेव्हापासून कुणी ‘जन्मजात गायिका’ लिहिलं की मला तो केसपेपर दिसतो.

३. ‘जातिवंत’ म्हशीला शोभतो

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळतं दूध तिथंच ग्लासात देतात. म्हैस बहुधा पंढरपुरी: तलवारीसारखी लांब शिंगं, पार खांद्याच्या मागे गेलेली. आमचे थोरले मामा म्हशी घ्यायला मला बाजारात न्यायचे. शिंग बघायचे, कास बघायचे, शेपटीचा गोंडा बघायचे, मग मालकाला विचारायचे, “जातिवंत हाय न्हवं?” तिथं हा शब्द चोख आहे. म्हशीची जात कळली की तिच्या दुधाचा, स्वभावाचा अंदाज येतो, तिच्या आईची चौकशी करण्यात अर्थ असतो.

हाच शब्द आपण उचलून शिक्षकाला, तबलजीला लावतो आणि त्यात कौतुक केल्याचं समाधान मानतो. ‘जन्’ या धातूपासून जन्मही आला, जातही आली. ‘जन्मजात’ या शब्दात तर दोन्ही शेजारी बसलेत. संस्कृतात त्या ‘जात’चा अर्थ नुसता ‘जन्मलेलं’ असा आहे हे मला कळतं. पण गावात शब्द संस्कृतात ऐकत नाहीत.

४. कसब जन्मजात नव्हतं, धंदा जन्मजात होता

हे मला एका तरुण प्राध्यापकाने शिकवलं, आणि चांगलंच शिकवलं.

कोल्हापुरी चपलेवर आम्ही पुरवणी काढली होती. मथळा माझाच: ‘हातांत जन्मजात कसब’. पुरवणी देखणी झाली, जाहिराती भरपूर आल्या. तिसऱ्या दिवशी तो पोरगा पुरवणीची घडी हातात घेऊन आला. चर्मकार घरातला, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“सर, माझ्या आज्याला दुसरं काय करू दिलं होतं? शाळेच्या व्हरांड्यात बसवलं त्याला. वाण्याचं दुकान टाकलं असतं तर कोण साखर घेणार होतं? कसब त्यानं मार खाऊन कमावलं. जन्मजात होता तो धंदा.”

मी कायतरी पुटपुटलो. तो म्हणाला, “चला, दाखवतो.”

त्याच्या चुलत्याचं घर म्हणजे पुढची खोली कारखाना, मागची संसार. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याचा उग्र वास. चुलते दगडावर कातडं ठोकत होते, रापीने तळ कापत होते. आरीने भोक पाडायचं आणि त्यातून चामड्याचीच वादी ओवून घ्यायची. अस्सल पायताणात लोखंडाचा खिळा नसतो. चुलती भिंतीला टेकून पट्ट्यावरची वेणी घालत होत्या. बारीक, एकसारखी, बघत राहावी अशी. मी त्यांच्या हाताकडे बघतोय म्हटल्यावर त्यांनी अंगठा पुढे केला. नखाच्या बाजूला जुन्या कापांच्या रेघा, एकावर एक.

त्यांची मुलगी त्या वर्षी नर्सिंगला गेली होती. मी विचारलं, तिला येतं का हे?

“येतं की. माझ्यापरीस बारीक घालत्या वेणी,” चुलती म्हणाल्या. “पर तिला नगो हाय.”

या वाक्यापुढे माझा मथळा टिकेना. पोरीच्या बोटांत कला आहे, हे तिची आईच सांगतेय. मग ‘जन्मजात कसब’ म्हणत तिला परत त्या भिंतीला टेकवून बसवणार कोण? आम्हीच, चार रंगांत छापून.

पुढे २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. २०२५ साली इटलीच्या प्राडाने मिलानच्या मंचावर तसल्याच चपला नाव न घेता मिरवल्या आणि इकडे गदारोळ झाला, ते सगळ्यांनी वाचलंय. त्या दिवसांत आमच्याकडे लेखांचा पाऊस पडला आणि निम्म्या लेखांत ‘पिढ्यान्‌पिढ्यांचं जन्मजात कौशल्य’. एव्हाना मी निवृत्त झालो होतो. तरी सवयीने पेन्सिल शोधली.

५. गादी दत्तक आली होती

एका २६ जूनला शाहू जयंतीच्या लेखात ‘जन्मजात राजे’ असं आलं. मी शब्द उडवला. लेखकांचा फोन: “महाराजांच्या नावापुढचा शब्द काढायची तुमची छाती कशी झाली?” मी म्हटलं, महाराज १८७४ साली जन्मले ते कागलच्या घाटग्यांच्या घरात, यशवंतराव म्हणून. १८८४ साली दत्तक आले, १८९४ साली कारभार हातात घेतला. पलीकडून उत्तर आलं, “मग काय ‘दत्तक राजे’ छापणार काय?” आणि फोन आपटला.

खरं तर जन्माच्या दाखल्याशी सगळ्यांत मोठं भांडण ज्या राजाने केलं, त्यालाच आपण तो दाखला चिकटवतो. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहिताने वेदोक्त मंत्र म्हणायचे टाळले. कारण काय, तर छत्रपतींचा जन्म त्या अधिकाराचा नाही. वेदोक्ताचं प्रकरण त्यातून पेटलं. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या निम्म्या जागा राखण्याचा हुकूम निघाला. पुढे भाऊसिंगजी रोडवर अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल निघालं आणि महाराज गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले.

मला मात्र या सगळ्यांत हजेरीची गोष्ट जास्त लागते. काही जातींत जन्मला म्हणजे माणूस गुन्हेगारच, असं धरून त्यांना पोलिसपाटलापुढे हजेरी लावायला लागायची. इंग्रजांनी तर १८७१ साली त्याचा कायदाच केला होता. कोल्हापूर संस्थानात महाराजांनी १९१८ साली हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पदरी कामाला ठेवलं. देशातला तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. खाशाबांचं हेलसिंकीचं पदक त्याच्या महिनाभर आधीचं. वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली चाळताना मी हे दोन महिने एकदम बघितले: इकडे ‘जन्मजात मल्ल’ आणि तिकडे ‘जन्मजात गुन्हेगार’. शब्द एकच, कुणाच्या गळ्यात हार आणि कुणाच्या गळ्यात फास.

टिळकांनी १९१६च्या सुमाराला ‘जन्मसिद्ध’ हा शब्द हक्काला जोडला, त्याला माझी हरकत नाही. तो हक्क सगळ्यांना सारखा मिळतो.

६. जन्माने दिलेला आवाज गेला, मग गाणं आलं

संगीतावरच्या मजकुरात ‘गळ्यात ईश्वरी देणगी’ हे ठरलेलं. एकदा अल्लादिया खाँसाहेबांबद्दल मी तसंच लिहिलं, तर देवल क्लबातल्या एका म्हाताऱ्या श्रोत्यांनी मला गाठलं. पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, “देणगी गेली होती, राव, त्यांची. आधी माहिती काढा.”

काढली. खाँसाहेब १८५५चे. तरुणपणी एका संस्थानात दिवसामागून दिवस गात राहिले आणि आवाज बसला तो बसलाच. पहिल्यासारखा परत कधी झाला नाही. घराण्यातला, पिढ्यांनी चालत आलेला, पाण्यासारखा फिरणारा गळा गेला. जो जाड, अडणारा आवाज उरला, त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी वर्षानुवर्षं बसून बांधली. ती घेऊन ते कोल्हापुरात आले, शाहू महाराजांच्या दरबारी राहिले. जयपूर-अत्रौली म्हणून आपण जे ऐकतो ते या दुसऱ्या आवाजाचं. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली; त्या केसरबाईंनी तालीम घेतली ती या खाँसाहेबांचीच.

आणि ‘घराणं’ हा शब्द बघा. केसरबाई गोव्याच्या केरी गावच्या, याच घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे, खाँसाहेब राजस्थानातले. गाण्यातल्या घराण्याला रक्त लागत नाही, गुरूने बांधलेला गंडा लागतो. त्या म्हाताऱ्यांना ही सगळी माहिती सांगायला गेलो तेव्हा ते ऐकत नव्हते, रेडिओ लावत होते.

७. किरकोळ पण हाताशी ठेवावेत असे शब्द

‘उपजत’ हा मला ‘जन्मजात’पेक्षा बरा वाटतो. ‘उपजणे’ या घरगुती क्रियापदातून आलेला, नम्र. वासरू पडल्या पडल्या धडपडत उभं राहून कास शोधतं, ते उपजत. माणसाच्या बाबतीत तो भीती, भूक, फार तर ताल इथपर्यंत ठेवावा.

‘अंगभूत’ आणि ‘अंगवळणी’ यांत लोक गल्लत करतात. पहिलं अंगातच असतं, दुसरं अंगाला लावून घ्यावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि घोटाळा तिथंच होतो.

‘पेंटर’ हे आडनाव कुणाला जन्मजात नसतं. बाबुराव पेंटर जन्माने मेस्त्री. रंगकामाने नाव मिळवलं, चुलतभाऊ आनंदराव वारल्यावर शिष्य दामल्यांना हाताशी घेऊन स्वतः कॅमेरा जुळवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. आज त्यांना मेस्त्री म्हटलं तर कोल्हापुरात कोण ओळखेल?

‘हाडाचा’ मी कधी कापला नाही. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. कामाने हाड झिजतं आणि कामानेच ते घडतं, असं मला त्यात ऐकू येतं. व्युत्पत्ती काहीही असो.

८. गुळव्याचा मुलगा

माझे वडील गुळव्या होते. पन्हाळ्याच्या बाजूला आमचं गाव. हंगाम सुरू झाला की एका गुऱ्हाळावरून दुसऱ्या गुऱ्हाळावर. गुळाचं बरंवाईट गुळव्याच्या हातात असतं. रस काहिलीत पडला की भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, झाऱ्याने काढायची, जाळ कमीजास्त करायला ओरडायचं. रस सोनेरी होऊन जड बुडबुडे फुटायला लागले की वडील थंड पाण्यात बोटं बुडवायचे आणि तीच बोटं उकळत्या पाकात घालून चिमूट काढायचे. परत पाण्यात. बोटांत गोळी वळायची, ती काहिलीच्या काठावर मारायची. आवाज ऐकायचा. आवाज टणक आला की काहील उतरवायची, वाफ्यात ओतायची. एक मिनिट अलीकडे झालं तर ढेप बसायची नाही, पलीकडे गेलं तर रंग जायचा आणि शाहूपुरीच्या बाजारात भाव पडायचा.

बी. ए.च्या सुट्टीत मी हट्ट केला, आज मी बघतो. लोक म्हणायचेच, खाण तशी माती, गुळव्याचं पोरगं आहे. वडील बाजूला उभे राहिले. मी पाण्यात बोटं बुडवली आणि पाकापाशी हात थबकला. पुन्हा बुडवली, पुन्हा थबकला. तिसऱ्यांदा वडिलांनी मला खांद्याने ढकलून स्वतः चिमूट काढली, तोवर वेळ गेली होती. गूळ काळा पडला. मालकाने त्या काहिलीचे पैसे वडिलांच्या मजुरीतून कापले. घरी येताना ते मला काही बोलले नाहीत. उसाचं एक कांडं सोलून दिलं.

त्यांचे हात मी नीट बघितले ते फार उशिरा, आधार कार्ड काढायला नेलं तेव्हा. उजव्या हाताचे ठसे उमटेनात. यंत्रावरची पोरगी परत परत बोटं पुसून ठेवायला लावत होती. पेरं आरशासारखी गुळगुळीत झालेली. वडील तिला समजावत होते, “बाळ, डावा घे. उजवा गुळात गेला.”

ते गेले तेव्हा मी अजून नोकरीवर होतो. सहकाऱ्यांनी मला न विचारता श्रद्धांजली लिहिली, प्रेमानेच. तेराव्यानंतर कामावर आलो त्या रात्री तिचं पान माझ्याचकडे तपासायला आलं. पहिल्याच ओळीत: ‘पंचक्रोशीतले जन्मजात गुळव्या’. साडेअकरा वाजले होते, पान सुटायचं होतं. मी रेघ मारली. ओळ आखूड झाली, कॉलमात भोक पडलं.

ऑपरेटर पोरगा म्हणाला, “सर, इथं काय घालू?”

मी बोटांवर हिशेब केला. आई सांगायची, लग्न झालं त्या साली पहिली काहील.

“४२ हंगाम,” म्हटलं, “४२ हंगाम घाल.”